केबल बंद करून चित्रपटांसाठी ओटीटी: वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

सांगलीतील आमच्या घरातील केबलची जोडणी बंद करून आता वर्ष होत आले आहे. घरात आई, आम्ही दोघे आणि दोन मुले अशी पाच माणसे असून चित्रपट पाहणे ही सर्वांची समान आवड आहे. मात्र प्रत्येकाची भाषा आणि वेळ वेगळी आहे. या काळात घेतलेल्या, सोडलेल्या आणि पुन्हा घेतलेल्या ओटीटी सेवांविषयी, म्हणजे इंटरनेटवरून चित्रपट आणि मालिका दाखवणाऱ्या सेवांविषयी, लिहिण्यापूर्वी एक मत सुरुवातीलाच नोंदवतो. पैसे वाचतील एवढ्याच अपेक्षेने केबल सोडू नये. केबल सोडण्याचे खरे कारण चित्रपट सलग, पूर्ण आणि मूळ भाषेत पाहता येणे हे आहे, आणि ते ज्यांना महत्त्वाचे वाटत नाही त्यांना हा बदल महागच पडेल.

हिशेब सोपा आहे. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेची नवी दरपद्धती फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाली, तेव्हा शंभर वाहिन्यांसाठी महिन्याच्या जोडणी शुल्काची कमाल मर्यादा १३० रुपये ठरवली गेली. १८ टक्के जीएसटी धरून ते १५३.४० रुपये होत. पुढच्या वर्षी त्याच रकमेत दोनशे वाहिन्या द्याव्यात असे ठरले, आणि जुलै २०२४ मध्ये ही कमाल मर्यादाच काढून टाकण्यात आली. या शुल्कावर मराठी आणि हिंदी वाहिन्यांचे पॅक घेतले की आमचे बिल महिन्याला चारशे रुपयांच्या आसपास येत असे. याउलट ३० एमबीपीएस वेगाच्या ३९९ रुपयांच्या साध्या ब्रॉडबँड योजनेलाच करासह सुमारे ४७१ रुपये लागतात आणि त्यात एकही ओटीटी सेवा नसते. अर्थात मुलांचा अभ्यास आणि घरून करायचे कार्यालयीन काम यांमुळे ज्यांच्या घरी ब्रॉडबँड आधीपासूनच आहे, त्यांनी तो खर्च चित्रपटांच्या खात्यावर टाकण्याचे कारण नाही. आमचे तसेच होते, म्हणून हा व्यवहार जमला.

मग केबलवर काय कमी पडत होते? मराठी चित्रपट दाखवणाऱ्या वाहिन्या केबलवर भरपूर आहेत. झी टॉकीज, प्रवाह पिक्चर, शेमारू मराठीबाणा, फक्त मराठी या सर्व आमच्याकडे दिसत असत. परंतु नियमानुसार तासाला बारा मिनिटांपर्यंत जाहिराती दाखवता येतात, त्यामुळे सव्वादोन तासांचा चित्रपट पावणेतीन तासांच्याही पुढे जातो. त्यातच तेच तेच चित्रपट ठरावीक आठवड्यांनी फिरून येतात. दाक्षिणात्य चित्रपटांची अवस्था आणखी वाईट असते, कारण ते हिंदी डबिंगमध्ये आणि बहुतेक वेळा बदललेल्या नावानेच दिसतात. मल्याळम चित्रपट मूळ आवाजात, खाली सबटायटल्स ठेवून पाहायला लागल्यापासून आमच्या घरातील डबिंगचा आग्रह आपोआप संपला. माझ्या दृष्टीने वर्षभरातील सर्वांत मोठी कमाई हीच आहे.

सेवा निवडताना बहुतेक लोक कोणाकडे किती हजार चित्रपट आहेत हे पाहतात. हा आकडा निरुपयोगी आहे. आम्ही घरातील प्रत्येकाकडून पाहायच्या राहिलेल्या चित्रपटांची नावे लिहून घेतली आणि जस्टवॉच या संकेतस्थळावर भारत हा देश निवडून ती एकेक शोधली. कोणता चित्रपट कोणत्या सेवेवर सदस्यत्वात मिळतो, कोणता भाड्याने मिळतो आणि कोणता कुठेच नाही, हे तिथे बऱ्यापैकी अचूक कळते. यादी समोर आल्यावर दोन गोष्टी लक्षात आल्या. मोठ्यांच्या आवडीचे चित्रपट चार ठिकाणी विखुरलेले होते, आणि मुलांच्या यादीतील बहुतेक नावे एकाच ठिकाणी होती. त्यामुळे वर्षभर चालू ठेवायची सेवा मुलांच्या यादीवरून ठरली, तर बाकीच्या सेवा आळीपाळीने घ्यायचे ठरले.

मराठी चित्रपटांबाबत कोणतीही एक सेवा पुरेशी नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. झी स्टुडिओजच्या बऱ्याच चित्रपटांसाठी आणि झी मराठीच्या मालिकांसाठी झी५ घ्यावे लागते. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी या दोन्ही वाहिन्यांचे कार्यक्रम आता जिओहॉटस्टारवर आहेत, कारण रिलायन्स आणि डिस्ने यांच्या माध्यम व्यवसायांचे विलीनीकरण नोव्हेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाले आणि १४ फेब्रुवारी २०२५ रोजी त्यांची जिओसिनेमा आणि हॉटस्टार ही दोन्ही ॲप एक झाली. सोनी मराठीसाठी सोनीलिव्ह आहे. प्राइम व्हिडिओवर अलीकडचे मराठी चित्रपट अधूनमधून येतात. नेटफ्लिक्सवर मराठी फार थोडे आहे आणि केवळ मराठीसाठी ते घेऊ नये. प्लॅनेट मराठी आणि अल्ट्रा झकास या फक्त मराठीला वाहिलेल्या सेवा आहेत. यांपैकी एक आम्ही काही महिने वापरली. जुन्या विनोदी चित्रपटांचा साठा समाधानकारक होता, पण टीव्हीवरील ॲप वारंवार बंद पडत असे, आणि मोबाइलवर भरलेले सदस्यत्व टीव्हीवर दिसावे यासाठी ग्राहकसेवेशी बराच पत्रव्यवहार करावा लागला. मराठी सेवा टिकावी असे मनापासून वाटते, परंतु सहानुभूतीपोटी वार्षिक वर्गणी भरणे मला पटत नाही. महिन्याची घेऊन पाहावी.

जुने मराठी चित्रपट हवे असतील तर आधी यूट्यूबवर पाहावे. हक्कधारक कंपन्यांनी स्वतःच टाकलेले शेकडो पूर्ण चित्रपट तिथे विनामूल्य आहेत. काहींची प्रत चांगली आहे, तर काहींमध्ये जुनी चौकोनी चौकट रुंद पडद्यावर बसवण्यासाठी वरून-खालून कापलेली असते आणि माणसांची डोकी अर्धी दिसतात. प्रसार भारतीचे वेव्हज हे ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या वेळी सुरू झाले. त्यावर दूरदर्शनच्या संग्रहातील कार्यक्रम आणि थेट वाहिन्या पाहता येतात. आईच्या मते वर्षभरातील सर्व सेवांमध्ये हीच खरी उपयोगी आहे, आणि याबाबत तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

आता दरांविषयी. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतातील दर कमी केले, तेव्हा मोबाइल योजना १४९, बेसिक १९९, स्टँडर्ड ४९९ आणि प्रीमियम ६४९ रुपये अशी रचना झाली. यातील मोबाइल योजना टीव्हीवर चालत नाही, त्यामुळे केबलला पर्याय म्हणून ती बाद ठरते. बेसिक योजनेत एका वेळी एकाच पडद्यावर पाहता येते. पाच जणांच्या घरात ती पुरेल असे वाटत नाही, परंतु आमच्याकडे चित्रपट एकत्रच पाहिला जातो, म्हणून ती पुरली. शिवाय जुलै २०२३ पासून एकाच घराबाहेर पासवर्ड वाटून घेण्यास तिथे मज्जाव आहे, तेव्हा पुण्यातील भावाबरोबर निम्मे-निम्मे पैसे भरण्याचा मार्ग आता उरलेला नाही.

जाहिरातींपासून सुटका हे केबल सोडण्याचे आमचे प्रमुख कारण होते, आणि नेमक्या याच बाबतीत हे क्षेत्र मागे चालले आहे. प्राइम व्हिडिओने १७ जून २०२५ पासून भारतात चित्रपट आणि मालिकांमध्ये जाहिराती आणल्या. त्या टाळायच्या तर मूळ वर्गणीवर महिन्याला १२९ किंवा वर्षाला ६९९ रुपये वेगळे भरावे लागतात. जिओहॉटस्टारच्या स्वस्त योजनांमध्येही जाहिराती असतात. म्हणून योजनांची तुलना करताना जाहिरातमुक्त योजनेचाच दर धरावा, कारण स्वस्त योजनेचा दर धरून केलेली तुलना फसवी ठरते. जाहिराती पाहायच्याच असतील तर ॲमेझॉन एमएक्स प्लेअरसारखी विनामूल्य सेवा काय वाईट आहे?

वार्षिक वर्गणी स्वस्त दिसते, पण चित्रपट ज्या सेवेवर आज आहे तिथे तो वर्षभर राहील याची हमी नसते, कारण हक्क ठरावीक मुदतीचे असतात. एचबीओ या अमेरिकी वाहिनीच्या मालिकांचे उदाहरण घ्या. ३१ मार्च २०२३ नंतर त्या हॉटस्टारवरून गेल्या, जिओसिनेमावर आल्या, आणि विलीनीकरणानंतर पुन्हा त्याच घराण्यात परतल्या. ज्याने केवळ त्यांच्यासाठी वर्षाचे पैसे भरले असतील, त्याची काय अवस्था झाली असेल याची कल्पना करावी. म्हणून मुलांसाठीची एक सेवा वगळता आम्ही सर्व सदस्यत्वे महिन्याची घेतो आणि पैसे भरल्या दिवशीच ऑटोपे, म्हणजे पुढचे पैसे आपोआप कापण्याची परवानगी, रद्द करतो. आम्ही वापरलेल्या सर्व सेवांवर मुदत संपेपर्यंत पाहणे चालू राहिले. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आपोआप पैसे कापण्यापूर्वी चोवीस तास आधी सूचना येणे बंधनकारक आहे, पण बँकेच्या संदेशांच्या गर्दीत ती सहज नजरेआड होते. एका सेवेच्या ॲपमध्ये सदस्यत्व रद्द करण्याचे बटणच सापडेना. शेवटी यूपीआय ॲपमधील ऑटोपेच्या यादीत जाऊन तिथून परवानगी काढून घ्यावी लागली. ही यादी महिन्यातून एकदा पाहण्याची सवय लावून घ्यावी.

एखादाच चित्रपट पाहायचा असेल तर भाड्याचा पर्याय दुर्लक्षित राहतो. प्राइम व्हिडिओने भारतात एप्रिल २०२२ मध्ये तो सुरू केला आणि त्यासाठी प्राइमचे सदस्य असण्याचीही अट नाही. साधारणपणे पैसे भरल्यापासून तीस दिवसांत चित्रपट सुरू करायचा आणि सुरू केल्यावर ४८ तासांत संपवायचा, असा नियम असतो. यूट्यूबवरही ही सोय आहे. महिन्याला दोन-तीनच चित्रपट पाहणाऱ्या कुटुंबाला सदस्यत्वापेक्षा हेच परवडू शकते, शिवाय पैसे मोजून आणलेला चित्रपट घरात अधिक लक्षपूर्वक पाहिला जातो, असे माझे निरीक्षण आहे.

यंत्रांबाबत थोडक्यात लिहितो. जुन्या टीव्हीला एचडीएमआय स्टिक, म्हणजे टीव्हीच्या खाचेत बसवून ओटीटी ॲप चालवणारे छोटे उपकरण, लावणे पुरेसे आहे, मात्र अनोळखी कंपनीचा स्वस्त अँड्रॉइड बॉक्स टाळावा. चित्रपटांच्या संरक्षणासाठी लागणारे वाइडवाइन एल१ प्रमाणपत्र त्यात नसेल, तर कितीही महाग योजना घेतली तरी चित्र एचडीमध्ये दिसत नाही. वेगाची चिंता मात्र अवाजवी आहे. पूर्ण एचडीसाठी पाच एमबीपीएस पुरतात आणि नेटफ्लिक्सच्या हिशेबानुसार एचडीला तासाला तीन जीबीपर्यंत डेटा लागतो. संवाद हळू आणि पार्श्वसंगीत मोठे ऐकू येत असेल, तर ऑडिओच्या पर्यायात ५.१ (अनेक स्पीकरांसाठीचा आवाज) ऐवजी स्टिरिओ निवडावे. या एका बदलाने आईची निम्मी तक्रार मिटली. उरलेली निम्मी मिटलेली नाही. केबलवर जे लागले असेल ते पाहत बसण्यात एक निवांतपणा होता; इथे प्रत्येक वेळी काहीतरी निवडावे लागते, आणि निवडण्यातच अर्धा तास जातो. रिमोटवरील माइकचे बटण दाबून मराठीत नाव उच्चारले की यूट्यूब चित्रपट शोधून देते, हे तिला जमते. मराठी बातम्याही यूट्यूबवर थेट दिसतात. तरीही दुपारच्या वेळी तिला वाहिनीच हवी असते.

वीज हा वेगळा विषय आहे. वळवाच्या पावसात वीज गेली की टीव्ही इन्व्हर्टरवर चालतो, पण राउटर आणि फायबरचा डबा त्याच इन्व्हर्टरवर घेतला नसेल तर पडदा कोराच राहतो. विशेष म्हणजे आमचे ब्रॉडबँड ज्या केबलवाल्याची जोडणी आम्ही बंद केली त्याच्याच वायरवरून येते, आणि झाडाची फांदी पडून ती तुटली की पूर्वीप्रमाणे त्यालाच फोन करावा लागतो. तो पूर्वीइतकाच उशिरा येतो.

ज्यांच्या घरी मुख्यतः रोजच्या मालिका पाहिल्या जातात, त्यांनी केबल चालू ठेवावी, कारण झी मराठी, स्टार प्रवाह आणि सोनी मराठी या तिन्ही वाहिन्यांच्या मालिकांसाठी तीन वेगळ्या सेवांची वर्गणी भरणे निव्वळ उधळपट्टी आहे. ज्यांना थोड्या वाहिन्या आणि बातम्या एवढेच हवे असेल, त्यांना डीडी फ्री डिशचा एकदाचा खर्च पुरेसा आहे. तिला मासिक शुल्क नाही आणि सह्याद्री वाहिनीही तिच्यावर दिसते. आमच्या गच्चीवर ही डिश बसवण्याचे आईने ठरवले आहे, आणि चित्रपटांसाठीची व्यवस्था सध्या आहे तशीच चालू राहील.