गोठ्याचं वर्कशॉप: पत्रा कापताना समोर उभं राहा

कलर कोटेड पत्र्याला पहिल्याच पावसाळ्यात गंज चढला म्हणून हे सविस्तर लिहितोय. पत्रा चांगला होता. कापणाऱ्यानं तो वाया घालवला.

निफाडकडचं आमचं जुनं गोठ्याचं शेड, 30 बाय 20, चारी बाजूंनी उघडं. जनावरं कमी झाल्यावर तिथं ट्रॅक्टर आणि ब्लोअर (बागेत फवारणी करणारं यंत्र) उभे असायचे. द्राक्षाच्या हंगामात ब्लोअर बिघडला की तो गावात न्या, रांगेत थांबा, तोवर इकडं फवारणी चुकते. म्हणून खाली तीन फूट विटांची भिंत, वर चौकोनी पाइपचा सांगाडा, त्यावर 0.50 मिलिमीटरचा प्रोफाईल (पन्हळी) पत्रा आणि पुढं शटर, असं बंदिस्त करून घेतलं.

फॅब्रिकेटरनं सगळे पत्रे ग्राइंडरच्या चकतीनं कापले. या पत्र्यावर रंगाखाली जस्ताचा थर असतो. पत्र्याची कापलेली कोर उघडी असली तरी शेजारचं जस्त आधी झिजतं आणि लोखंड वाचवतं. जस्त वितळतं 420 अंशांच्या आसपास. चकतीच्या उष्णतेनं कोरेजवळचं जस्त आणि रंग दोन्ही करपले, मग लोखंडाला वाचवणार कोण? शिवाय ठिणग्यांतले तापलेले लोखंडी कण रंगात रुतून बसतात. सुरुवातीला दिसत नाहीत. पाऊस लागला की पांढऱ्या पत्र्यावर मोहरीएवढे तांबूस ठिपके उमटतात, बोट फिरवलं की खरखर लागते.

फोन केला तर म्हणे, "भाऊ, वरवरचा कचरा आहे, पुसून घ्या." पुसून गेला नाही. मग "सिल्व्हर (चंदेरी रंग) मारून देतो" म्हणाले, ते अजून फिरकलेले नाहीत. शेवटचे पैसे मी अडवून धरलेत, काम होईपर्यंत देणारही नाही. मागच्या कोपऱ्यात एक पट्टी कमी पडली होती, ती मी पत्रा-कात्रीनं कापून लावली. हाताला कळ लागते, पण तिची कोर आजही कोरी करकरीत आहे. त्याच गठ्ठ्यातला पत्रा, तोच पाऊस! पत्रे हव्या त्या लांबीचे कापून मिळतात, आधी माप द्या. मग जागेवर कापायला खिडकी आणि कोपरेच उरतात.

भिंतीचा पत्रा आणि छत यांच्यामध्ये राहिलेल्या फटीबद्दल मात्र माझं मत पार बदललं. धूळ येते, चिमण्या शिरतात म्हणून थंडी संपली की ती बुजवायची ठरवलं होतं. पण शेजारच्या गच्च बंद शेडमध्ये कडाक्याच्या थंडीत पहाटे पत्र्याला आतून घाम फुटतो आणि थेंब थेट ड्रिल मशीनवर पडतात. आमची अवजारं कोरडी राहिली. वेल्डिंगचा धूरही वरून निघून जातो. आता फटीला जाळी ठोकलीय, ती बुजवणार नाही.

छताचा पत्रा सांगाड्याला धरून ठेवणारे जुने जे-हुक बदलून घेतले, तो खर्च टाळू नका. उघड्या शेडमधून वारा आरपार जातो. तीन बाजू बंद आणि शटर उघडं असलं की तो आत कोंडतो आणि छत वर ढकलतो. वळवाच्या वाऱ्यात शटर आधी खाली ओढायचं.

विजेचं म्हणाल तर शेतीपंपाच्या जोडणीवर वर्कशॉप चालवायला परवानगी नाही, आणि ती थ्री फेज दिवसातून आठच तास. वेगळं मीटर घेतलं, त्यावर सिंगल फेजचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन व्यवस्थित चालतं. ब्लोअरची तुटलेली फ्रेम परवा त्यावरच जोडली आणि संध्याकाळच्या फवारणीला तो बागेत होता.