सेकंडहँड डीएसएलआर, किट लेन्स आणि माळव्याची काळी माती: आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या जुलैत २४ मेगापिक्सेलचा सेकंडहँड डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घेतला, सोबत नेहमीची १८-५५ किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर मिळते ती; १८ ला रुंद दिसतं, ५५ ला लांबचं जवळ येतं) आणि एक स्वस्तातला ट्रायपॉड. आता मार्च संपत आलाय. इंदूरच्या आसपास पहाटे उठून जे काढलं, त्यावरून लिहितेय. फक्त निसर्गाचे फोटो. लग्नामुंजीत हा कॅमेरा कसा चालेल ते मला सांगता येणार नाही.

पहिले दोन महिने जवळजवळ सगळं ऑटोवर काढलं आणि त्यातून फारसं काही शिकले नाही. खरी सुरुवात ऑक्टोबरात झाली. देपालपूर रस्त्याला सोयाबीन निघालेलं, शेत नुकतंच नांगरलेलं. रात्री पाऊस पडून गेल्याने ढेकळं काळीभोर, नांगराच्या फाळाने कापलेल्या बाजू आरशासारख्या चमकत होत्या. मी बांधावर बसून फ्रेमभर माती घेतली, वर थोडं आकाश. घरी लेकीला दाखवला तर म्हणाली, "आई, माती राखेसारखी का दिसतेय? आणि ढग कुठे गेले?"

त्या प्रश्नाने मला एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, शिकवलं. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून चालतो. काळी माती दिसली की त्याला अंधार वाटतो आणि तो उजेड वाढवतो. माती राखाडी होते, आकाश पांढरंफटक. पुढच्या रविवारी त्याच बांधावर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड आपण कमी-जास्त करायची सोय) उणे १ केलं. माती काळी आली, ढगही आले. डिसेंबरात सिरपूर तलावावर याच्या उलट. धुकं मळकट येत होतं, अधिक १ केल्यावर डोळ्यांना दिसत होतं तसं आलं. समोरचं काळं आहे की पांढरं, हे कॅमेऱ्याला आपणच सांगायचं असतं.

स्क्रीनवर फोटो कसा दिसतो यावर जाऊ नका. पहाटेच्या अंधारात तो नेहमीच उजळ वाटतो. हिस्टोग्राम बघा, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख: डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं. आलेख उजव्या कडेला चिकटला की आकाश जळालं, नुसतं पांढरं उरलं समजा. जळालेला भाग लुकलुकून दाखवायची सोय मेन्यूत असते, ती पहिल्याच दिवशी चालू करा. रॉमध्ये (कॅमेऱ्याने जेपेग न बनवता ठेवलेल्या मूळ फाइलमध्ये) काढलं तर सावलीतलं बरंच वर आणता येतं, पण जळालेल्या आकाशात परत आणण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

कंपोझिशन अजून पूर्ण जमत नाही. मांडवगडला रूपमती मंडपातून खाली पसरलेलं निमाड बघून जीव हरखला. सगळं मावावं म्हणून १८ वर काढलं आणि फोटोत उरली एक फिकट रेघ. रुंद लेन्स लांबचं आणखी लांब ढकलते. मग ५५ वर नेऊन डोंगराच्या फक्त तीन घड्या घेतल्या. आठ महिन्यांतला माझा आवडता फोटो तोच. १८ वापरायचं तर पायाशी काहीतरी हवं: दगड, गवत, बांधाचं वळण. एफ ११ ला (एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान) दोन मीटरवर फोकस केलं की साधारण एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. एफ २२ पर्यंत जाऊ नका, फोटो मऊ पडतो. या वर्गातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत व्ह्यूफाइंडरला ९५ टक्केच फ्रेम दिसते, त्यामुळे घरी आल्यावर कडेला भलतीच फांदी निघायची. आता शेवटचा फोटो लाइव्ह व्ह्यूवर, म्हणजे मागच्या स्क्रीनवर, बघूनच काढते.

लेन्सबद्दल तक्रार नाही. पावसाळ्यात मात्र ती हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, बुरशी एकदा धरली की निघता निघत नाही.

तक्रार आहे ती ट्रायपॉडची. ऑगस्टमध्ये पातालपाणीला धबधबा दुधासारखा यावा म्हणून आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) १००, शटर अर्धा सेकंद उघडं, दोन सेकंदांचा टायमर, स्टॅबिलायझेशन (हात हलल्याची भरपाई करणारी सोय) बंद, असं सगळं नीट लावलं. तरी वीस फोटोंत एकही स्पष्ट नाही. ट्रायपॉडची मुंडी, कॅमेरा बसतो तो भाग, कितीही आवळली तरी कॅमेऱ्याच्या वजनाने केसभर खाली सरकत होती. पाणी तिथे पावसाळ्यातच असतं, म्हणजे ते फोटो आता येत्या पावसाळ्यात. तुम्ही घ्याल तेव्हा दुकानातच कॅमेरा लावा, लेन्स खाली झुकवून मुंडी आवळा, लाइव्ह व्ह्यू ५५ वर मोठा करून एक मिनिट बघत राहा. चित्र सरकलं तर तो ट्रायपॉड तिथेच परत करा.