नाताळ पाळावा की टाळावा?

नाताळ बायबलमधला नाही, त्याची तारीख सूर्यपूजकांच्या सणावरून घेतली, म्हणून तो टाळावा, असं काही ख्रिस्ती म्हणतात. त्यांचा मुद्दा पोकळ नाही. बायबलमध्ये ख्रिस्तजन्माची तारीख नाही. औरेलियन बादशहाने 274 मध्ये रोममध्ये सूर्यदेवाचं मंदिर उभारलं आणि 354 च्या रोमन पंचांगात 25 डिसेंबरला अजिंक्य सूर्याचा सणही नोंदलेला आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनांनी (कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांनी) 1659 मध्ये नाताळ पाळणाऱ्याला 5 शिलिंग दंड ठेवला. 1681 मध्ये तो कायदा रद्द झाला. यहोवाचे साक्षीदार हा धार्मिक पंथ आजही हा सण पाळत नाहीत.

पण 354 च्या त्याच पंचांगात 25 डिसेंबरलाच बेथलेहेममधला ख्रिस्तजन्मही आहे. त्यामुळे कोणी कोणाचा दिवस उचलला, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. 25 मार्चला मरियेची गर्भधारणा धरून नऊ महिने मोजले, असंही काही अभ्यासक मांडतात.

नाताळच्या झाडाविरुद्ध बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकाचा 10 वा अध्याय दाखवतात, तिथे मात्र गफलत होते. तो उतारा नीट वाचा: लाकूड तोडायचं, कारागिराने घडवायचं, सोन्यारुप्याने मढवायचं, हलू नये म्हणून खिळे ठोकायचे. ही मूर्ती आहे, नाताळचं झाड नव्हे.

आमच्या मते पाळणं योग्य, कारण उपासना कोणाची होते ते महत्त्वाचं. मात्र ज्याचं मन खातं, त्याला ओढू नका. बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा 14 वा अध्याय दोघांनाही मोकळीक देतो. घरात मतभेद असतील तर प्रार्थना एकत्र करा, झाड वगळा.