नांदूरमध्यमेश्वरला वॉकर घेऊन, नोव्हेंबर ते मार्चचा अनुभव

सासऱ्यांचं, म्हणजे आमच्या अण्णांचं, गणपतीनंतर गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले सपाटीवर रोज थोडं चालवा. कॉलनीतल्या गार्डनला आठ दिवसात कंटाळले. मग नोव्हेंबरात एका रविवारी नवऱ्याने गाडी काढली आणि नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात नेलं, तेव्हापासून मार्चपर्यंत नऊ वेळा जाऊन झालंय. म्हातारी माणसं घेऊन जाणं जमतं का असं बरेच जण विचारतात म्हणून लिहितेय.

जमतं. पण पहिल्यांदा आम्ही सगळं चुकीचं केलं. सगळे सांगतात पहाटे जा म्हणून साडेपाचला निघालो, चांदोरी-सायखेड्यावरून चापडगाव, 40-45 किमी, आणि पोचलो तर पाण्यावर असं दाट धुकं की बांधाच्या पलीकडचं काही दिसेना. निफाडची थंडी माहितीये ना, पारा 10 च्या खाली, अण्णा दोन शाली गुंडाळून गाडीतच बसले, मीपण. धुकं हटायला साडेआठ वाजले. आता आम्ही घरातून आठला निघतो, चहा-धपाटी खाऊन, काही बिघडत नाही, पक्षी कुठे पळून जात नाहीत.

दुसरी चूक व्हीलचेअर. एका दुकानातून भाड्याने घेतली होती, पुढची चाकं एवढीशी, मुरमाच्या वाटेवर पन्नास पावलात रुतली आणि एक तर जामच झालं. अण्णांना उठवून खुर्ची आम्ही उचलून आणली. वॉकर मात्र चालतो, खाली रबर जाड पाहिजे. आणि एक फोल्डिंगची खुर्ची न्याच. अण्णा पंधरा-वीस मिनिटं चालतात, बसतात, परत चालतात. पक्षी बघायच्या मनोऱ्याला पायऱ्या आहेत, तिथे ते चढत नाहीत, पण खरं सांगू, खाली काठावर बसून पक्षी जास्त जवळून दिसतात. वरून सगळं एकदम दिसतं एवढंच. गाईड पोरांकडे दुर्बीण असते, एकाला बरोबर घ्याच, आम्हाला तर आधी सगळी बदकंच वाटायची.

एक गोष्ट उशिरा कळली. पक्षी माणसाला घाबरतात, गाडीला नाही. पाण्याच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावर इंजिन बंद करून काच खाली घेऊन दहा मिनिटं गप्प बसलं की राखी बगळा, शेकाट्या असे पक्षी अगदी दहा फुटांवर येतात. दार उघडलं की खेळ खल्लास. त्यामुळे ज्यांना अजिबात चालवत नाही त्यांनी उतरायचीपण गरज नाही. त्याच गाईड पोराने अण्णांना पांढरी टोपी काढायला लावली, लांबून चमकते म्हणे, तेव्हापासून अण्णा खाकी माकडटोपी घालतात आणि सासूबाई हसून हसून बेजार.

अण्णा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, त्यामुळे पक्षी राहिले बाजूला, पहिले दोन रविवार आम्ही बंधाऱ्यावर लेक्चरच ऐकलं. ब्रिटिशांच्या काळातला बंधारा, गोदावरी आणि कादवा इथे मिळतात, वरून गंगापूर-दारणा धरणांचं पाणी येतं आणि इथून डाव्या-उजव्या कालव्यांना जातं. शंभर वर्षं गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, त्यावर पाणवनस्पती, म्हणून पक्षी. म्हणजे धरण गाळाने भरलं ते इंजिनिअरचं दुःख आणि बदकांची चैन, हे अण्णांचंच वाक्य. 1986 ला अभयारण्य झालं आणि 2020 ला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं, महाराष्ट्रातलं पहिलं.

हे लेक्चर नंतर कामाला आलं. पाणी भरलेलं असलं की बदकं लांब मधोमध तरंगत बसतात आणि चिखलात चरणारे दिसतच नाहीत. आवर्तन सुटून, म्हणजे शेतीसाठी कालव्यांना पाणी सोडून, पातळी उतरली की काठाला ओला चिखल उघडा पडतो आणि मग चमचे (चमच्यासारख्या चोचीचे पक्षी), चित्रबलाक, तुतवार, सगळी पंगत पुढ्यात. जानेवारीत एकदा तसं झालं होतं, तो आमचा सगळ्यात भारी दिवस. चमचे चोच पाण्यात घालून डावी-उजवीकडे झाडू मारल्यासारखे चालत होते. तेवढ्यात वर दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालायला लागला आणि सगळे वारकरी एकदम पाण्यावर पाय आपटत पळाले, तो आवाज म्हणजे पत्र्यावर पाऊस. वारकरी म्हणजे काळा पक्षी, कपाळावर पांढरा टिळा, नाव ज्याने ठेवलं त्याला नमस्कार. जांभळी पाणकोंबडी तर प्रत्येक वेळी दिसते, फेब्रुवारीत अण्णा तिला ‘आपली’ म्हणायला लागले. फ्लेमिंगोसाठी जाणार असाल तर सांगते, आम्हाला नऊ फेऱ्यांत एकदाही दिसले नाहीत.

बाकी, ब्लूटूथ स्पीकर घेऊन येणारी मंडळी प्रत्येक रविवारी असतात. शनिवारी जा.

आणि संध्याकाळी अंधाराच्या आत निघा. एक तर आजूबाजूला सगळा ऊस, उसात बिबट्या, आणि खरी भीती बिबट्याची नाही, ऊस भरलेल्या ट्रॉल्यांची, मागे ना लाईट ना रिफ्लेक्टर. एकदा सायखेड्याच्या अलीकडे नवऱ्याने असा ब्रेक मारला की थर्मास पुढच्या काचेवर.

मागच्या शनिवारी गेलो तर बदकं निम्म्यावर आली होती, परतीला लागली. अण्णा खुर्चीशिवाय अर्धा तास चालले, वॉकर गाडीतच. बंधाऱ्याकडे बघून म्हणाले, उन्हाळी आवर्तन सुटलं की मला परत आण, चिखल बघायचाय.