अडीच लाखांतली जुनी महिंद्रा पिकअप: ९ महिने, ६,४०० किलोमीटर

आधी कागदांचं सांगतो. जुन्या जीपचं मागचं अंग कापून पिकअप करून देणारे हवे तेवढे भेटतात. पण आरसी बुकात जीप आणि दारात पिकअप, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. म्हणून चार महिने थांबलो आणि बुकातच पिकअप लिहिलेली १९८७ची महिंद्रा शोधली. ९५ हजारांना मिळाली. (बघणारे तिला 'विंटेज' म्हणतात. सरकारी हिशेबात त्यासाठी ५० वर्षं लागतात, आणि विंटेज गाड्यांसाठीचा 'व्हीए' मालिकेचा नंबर घेतला की रोजच्या कामाला गाडी रस्त्यावर काढता येत नाही. मला तर नर्सरीची रोपं पोचवायची होती.)

इंजिन एक्सडीपी ४.९०, २११२ सीसी डिझेल, प्यूजोच्या परवान्यावर महिंद्राने इथेच बनवलेलं. ते उघडावं लागलं नाही. नोझल आणि पंपाचं काम केलं, २२ हजार गेले. लिटरला १२ किलोमीटर देते. साठच्या पुढे शेजारच्याशी बोलायचं असेल तर गाडी थांबवावी लागते.

मला घाई रंगाची होती. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मेस्त्रींनी पहिल्याच दिवशी बजावलं, "दादा, रंगाचं नंतर बघू. आधी ही थांबली पायजे." चारही चाकांना ड्रम ब्रेक, पेडलचा जोर वाढवणारा बूस्टर नाही. बूस्टर बसवायचा तर डिझेल इंजिनाला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. तो खर्च टाळला. पण मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर, लायनिंग, किंगपिन, बुश सगळं नवीन. ४८ हजार, आणि त्यातला एक रुपयाही बाहेरून दिसत नाही. आंबा घाटातून साखरप्याकडे भरला हौदा घेऊन उतरलो तेव्हा तो वसूल झाला. तरी घाट दुसऱ्या गिअरमध्येच उतरायचा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ड्रम तापतात आणि पेडल नुसतं खाली जातं.

पत्रा-वेल्डिंगला ३५, टायर-वायरिंगला ३२ हजार. रंग मात्र मी स्वतः शेडमध्ये मारला, कॉम्प्रेसर भाड्याने आणून, १४ हजारांत. कौतुक सगळं त्याचंच होतं.

आता माझ्या चुका. हौद्याला एका पाडलेल्या वाड्याच्या सागवानी फळ्या बसवल्या. मे महिन्यात, एकमेकींना घट्ट चिकटवून. कोल्हापूरचा पाऊस काय असतो हे जन्मापासून बघतोय, तरी ही अक्कल. जुलैत फळ्या फुगल्या, मधल्या दोन वर उचलल्या आणि हौद्याचा मागचा फाळका बंद होईना. सगळ्या काढून, मध्ये बोटभर फट ठेवून पुन्हा ठोकल्या. पाणीही आता खाली निघून जातं.

दुसरी चूक दारांची. खालचा गंजका पत्रा कापून नवा जोडायला हवा होता. पैसे संपत आले म्हणून घासून वर लांबी (पुट्टी) भरली. दिवाळीपर्यंत रंगाला फोड आले, एक नखाने दाबला तर बोट आत गेलं. भंगारातून आणलेला अल्टरनेटर तर दुसऱ्याच महिन्यात बसला. त्याचे पैसे वर मोजलेलेच नाहीत.

डिसेंबरपासून, थंड इंजिन चालू करण्याआधी आतून तापवणाऱ्या चार हीटर प्लगांपैकी एक गेलाय. सकाळी किल्ली फिरवून वीसपर्यंत मोजायचं, मग स्टार्टर, मग पुन्हा वीस. तिसऱ्या वेळेला पांढऱ्या धुरासकट उठते. नवा प्लग आणून कप्प्यात ठेवलाय. तो बसवायला रविवार काही मिळत नाही.