‘६ जीबी ग्राफिक्स’वाला जुना लॅपटॉप घेताय?

‘८ जीबी रॅम, ६ जीबी ग्राफिक्स, गेमिंगला एक नंबर’ अशी जाहिरात आणि आत एनव्हिडियाचं एमएक्स१५० हे ग्राफिक्स कार्ड? मग त्या सहातले चार जीबी रॅमचेच आहेत. विकणारा विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून ग्राफिक्स मेमरीच्या ‘५.९’ वर बोट ठेवतो. बाजूच्या दोन ओळी वाचायला कोणी थांबत नाही: डेडिकेटेड (कार्डाची स्वतःची मेमरी) २.०, शेअर्ड (रॅममधून उसनी) ३.९. विंडोज साधारण निम्मी रॅम शेअर्ड म्हणून दाखवतं. उद्या १६ जीबी रॅम घातली तर हेच कार्ड ‘१० जीबी’चं होईल!

खरी मेख पुढेच आहे. २०१७ साली आलेलं हे कार्ड एकाच नावाने दोन प्रकारांत विकलं गेलं. दोन्हींत ३८४ कुडा कोअर (आकडेमोड करणारे भाग) आणि ६४ बिटची मेमरी बस (मेमरीकडे जाणारी वाट). पण एक २५ वॅटचं, बूस्ट म्हणजे जोर लावल्यावरचा वेग १५३२ मेगाहर्ट्झ. दुसरं पातळ लॅपटॉपसाठीचं १० वॅटचं, बूस्ट १०३८. मेमरीही मंद. स्टिकर तोच, ड्रायव्हरमधलं नावही तेच. गिऱ्हाईक यूट्यूबवर पहिल्याचे एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) बघतं आणि दुसरं घरी आणतं.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्सखाली कार्डावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, मग यादीतून हार्डवेअर आयडीज. तिथे ‘डीईव्ही’पुढे (DEV) १डी१० (1D10) असेल तर २५ वॅटवालं, १डी१२ (1D12) असेल तर १० वॅटवालं. दोन मिनिटांचं काम.

दुकानात व्हॅलोरंट लावून दाखवतात. तो हलका गेम, लो सेटिंगवर दोन्हींवर पळतो. त्याऐवजी जीटीए ५ हा गेम किंवा कार्डाची परीक्षा घेणारा हेवन बेंचमार्क वीस मिनिटं चालवा आणि जीपीयू-झी या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या सेन्सर्समध्ये क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, बघत राहा. चार्जर लावलेलाच हवा. बॅटरीवर क्लॉक एरवीही पडतो. तापल्यावर घसरत असेल तर पंख्यातली धूळ काढून आणि थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलून बहुतेक वेळा सुधारतं. १डी१२ला मात्र इलाज नाही. चिप मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते, त्यामुळे ‘नंतर कार्ड बदलून देऊ’ ही शुद्ध थाप.

टोकन देण्याआधी हार्डवेअर आयडीचा फोटो मागवा आणि बिलावर ‘एमएक्स१५०, २ जीबी, १डी१०’ लिहून घ्या. नुसतं ‘जुना लॅपटॉप, १ नग’ असं बिल घेऊन परत गेलात, तर दुकानदार सरळ हात वर करतो.