फोल्डस्कोप : कागदाचा, पण खराखुरा मायक्रोस्कोप

मी विज्ञान शिकवते. वर्गात मायक्रोस्कोप एकच असला की प्रत्येक मुलाच्या वाट्याला जेमतेम एक नजर येते. फोल्डस्कोप मात्र ज्याचा त्याला देता येतो, म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मनु प्रकाश आणि त्यांचा तेव्हाचा विद्यार्थी जिम सिबुल्स्की यांनी तो घडवला. शोधनिबंध २०१४ चा. २०१६ मध्ये प्रकाश यांना मॅकआर्थर फेलोशिप ही कल्पक माणसांना दिली जाणारी मानाची अमेरिकी शिष्यवृत्ती मिळाली. सार्थ निवड!

कागदी भाग घड्या घालून जोडायचे, मध्ये इवलंसं गोल भिंग. वस्तू सुमारे १४० पट मोठी दिसते. कांद्याचा पापुद्रा पाण्याच्या थेंबात पसरून उजेडाकडे धरला की पेशी विटांसारख्या रचलेल्या दिसतात. आयोडीनचा थेंब टाकला तर केंद्रकंही उठून दिसतात. चुंबकाने तो मोबाइलच्या कॅमेऱ्याला चिकटतो आणि फोटोही निघतात.

फोकस साधायला धीर हवा, अंगठ्यांनी कागद केसभरच सरकवायचा. लहानांना सुरुवातीला शेजारी बसून दाखवा. खाली पडला तरी काळजी नाही.

आठ-नऊ वर्षांपुढच्या मुलांसाठी जरूर घ्या, आणि डबक्याचं पाणी आधी बघायला द्या.